वाटीपाशी बसलेले मांजर

मांजर डोळे मिटून दूध पिते, ही म्हण लहानपणापासून ऐकत आलो. पण डोळे अर्धवट मिटून दुधाच्या वाटीपाशी तासभर बसलेले आणि दुधाला तोंडही न लावणारे मांजर मी पहिल्यांदा पाहिले ते आमच्या गोटीच्या रूपाने. अडीच महिन्यांचे पिल्लू. मान वाटीवर झुकलेली, पाठीला बाक आलेला, अंगावरचे केस विस्कटलेले. आदल्या रात्री तिने पिवळसर फेसाची उलटी केली होती. "गवत खाल्लं असेल. मांजरं आपली आपण बरी होतात," शेजारच्या काकू म्हणाल्या. आम्हालाही ते पटले, कारण ते पटणे सोयीचे होते. दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी पिशवीत घालून तिला पशुवैद्यांकडे नेले तेव्हा अंग गार पडले होते. संध्याकाळी ती गेली.

डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले: पॅनल्यूकोपेनिया. कुत्र्यांच्या पार्व्होचा हा सख्खा भाऊ. आतड्याचे अस्तर आणि पांढऱ्या पेशी तयार करणारा हाडांतला मगज, या दोन ठिकाणी हा विषाणू घाला घालतो. त्यामुळे एकीकडे उलट्या-जुलाबांनी शरीर कोरडे पडते आणि दुसरीकडे जंतूंशी लढणारे सैन्यच उरत नाही. उपचार म्हणजे सलाइन, उलटी थांबवण्याचे इंजेक्शन, आतड्यातून रक्तात घुसणाऱ्या जीवाणूंसाठी प्रतिजैविके, आणि ऊब. एवढ्या बळावर पाच दिवस तगलेले मांजर बहुधा वाचते. उपचार न मिळालेली पिल्ले मात्र बहुतेक दगावतात. तेव्हा आम्ही घालवलेले ते दोन दिवस म्हणजेच गोटीचे आयुष्य होते.

मांजराचा आजार ओळखणे अवघड, कारण ते दुखणे लपवते. कुत्रा कण्हत पायाशी येतो. मांजर पलंगाखाली जाते. म्हणून पाहायचे ते त्याच्या सवयींकडे. रोजची जागा सोडली का? अंग चाटून साफ करणे थांबवले का? एक दिवस पूर्ण उपाशी राहिले का? मानेमागची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती चटकन खाली न बसता तशीच उभी राहिली तर अंगातले पाणी आटले आहे. ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी हव्यात, पांढुरक्या नव्हेत. एवढे पाहायला पदवी लागत नाही.

दुसरी चूक आमच्या हातून पुढे झाली. महिनाभराने लेकीच्या हट्टाखातर दुसरे पिल्लू आणले. घर फिनेलने पुसून काढले होते. वासच असा, की जंतूंची काय बिशाद! पण हा विषाणू फिनेलला दाद देत नाही. फरशीच्या फटीत, गोणपाटात तो वर्षभरही टिकू शकतो आणि चपलांच्या तळव्यांवरून घरात येतो. उलट फिनेलच मांजराला विषारी; ओल्या फरशीवरून चालून आले की ते आपले पंजे चाटते. विषाणू मरतो तो ब्लीचने. आधी जागा साबणाने स्वच्छ धुवायची, मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात मिसळून ती दहा मिनिटे ओली ठेवायची, आणि नंतर साध्या पाण्याने पुसायची. जुनी टोपली आणि अंथरूण टाकून द्यायचे. हे आम्ही कोणाला विचारलेच नव्हते. आठव्या दिवशी बंड्या त्याच वाटीपाशी अगदी तसाच बसला. या वेळी तासाभरात दवाखाना गाठला. चार दिवस सकाळ-संध्याकाळ सलाइन चालले. पाचव्या दिवशी त्याने माझ्या बोटावरचा उकडलेल्या सुरमईचा तुकडा हुंगला, आणि खाल्ला.

हे सारे एका लसीने टळले असते. कुत्रा आणला की आपण लगेच लसीची चौकशी करतो. मांजराचे नाव काढले तर लोक हसतात. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून काही आठवडे संरक्षण मिळते. गंमत अशी, की तेच संरक्षण लसीलाही निकामी करते, आणि ते नेमके कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळे. म्हणून आठव्या आठवड्यापासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत, लस पुन्हा पुन्हा टोचायची. 'एकदा दिली की' म्हणून मोकळे होणारे इथेच फसतात. हीच लस मांजरांच्या सर्दीवरही चालते. त्या सर्दीत शिंका, चिकटलेले डोळे, कधी जिभेवर फोड येतात. नाक चोंदले की मांजराला वास येत नाही, आणि वास नाही तर अन्न नाही. तेव्हा मासळी किंचित कोमट करून द्यावी, डोळे कोमट पाण्याच्या कापसाने पुसावेत, न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडून पिल्लाला दहा मिनिटे जवळ घेऊन बसावे. पण दोन दिवस खाल्ले नाही तर दवाखाना.

आणि घरातली तापाची गोळी? कधीही नाही. पॅरासिटामॉल पचवण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसते. आपल्याला चालणारी एक गोळी त्याचा जीव घेऊ शकते. कळवळ्यापोटी अर्धी गोळी दुधातून देणारी माणसे मी पाहिली आहेत.

काही आजारांचे चित्र मात्र पालटले आहे. एफआयपी, म्हणजे मांजरांच्या स्वतःच्या कोरोना विषाणूचा बिघडलेला अवतार. पोटात पाणी साठते, ताप हटत नाही. याचे निदान म्हणजे मृत्यूची चिठ्ठीच समजत. कॅलिफोर्नियातील संशोधक नील्स पेडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली ३१ मांजरांना नवे विषाणूरोधक औषध दिल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतली २५ दीर्घकाळ जगली.

उरला माणसांचा प्रश्न. मांजराच्या अंगावर केस गळालेला गोल चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो आणि तो मुलांना लागतो. दोघांवरही उपचार हवेत. घरात कोणाला दिवस गेले म्हणून मांजर बाजारात सोडून येऊ नये. त्याच्या विष्ठेतला टोक्सोप्लाझ्मा बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो, तेव्हा मातीचे घमेले रोजच्या रोज दुसऱ्या कोणी साफ करावे. आणि रेबीज फक्त कुत्र्याचा नव्हे. अनोळखी मांजर चावले वा ओरबाडले तर जखम साबणपाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. घरच्या मांजराला तीन महिन्यांनंतर ही लसही टोचून घ्यावी.

बंड्याची पुढची लस येत्या महिन्यात आहे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, दुधाच्या हिशेबाखाली, लेकीने तारीख लिहून ठेवली आहे, आणि शेजारी लिहिले आहे: पिशवी नको, झाकणाची टोपली.