पोथीचा नित्यनेम

आज नाताळ. आपल्या घरी चातुर्मासात पोथी लागते. पुढे मात्र ती वस्त्रात बांधलेलीच राहते, आणि सबब एकच, सवड नाही. नाताळच्या निमित्ताने पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

त्यांचे धर्मांतर आपल्या समाजास फार खटकले. तो वाद आज नको. नित्यनेमाचे बाळकडू त्यांना पुराणिकाच्याच घरी मिळाले होते. मातोश्री लक्ष्मीबाईंना दिवसभर संसारातून उसंत नसे, म्हणून त्या पहाटे, पाखरे जागी होण्यापूर्वी, मुलीला उठवून संस्कृतचे पाठ देत.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात, दुष्काळातून आणलेल्या शेकडो निराधार स्त्रिया व मुलींचे अन्नवस्त्र, शिक्षण, आजारपण हे सारे रमाबाईंच्या माथी होते. तो भार वाहतानाच त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर अल्पशिक्षित बायकांना जड जाते, ही त्यांची खंत होती. विद्वत्तेच्या मानासाठी हा खटाटोप नव्हता. संस्कृत पांडित्याबद्दल ‘सरस्वती’ ही पदवी त्यांना १८७८ सालीच कलकत्त्यात लाभली होती.

सुमारे १८ वर्षे हे काम चालले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. तरी लेखणी थांबली नाही. काम पुरे होते न होते तोच ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्या ग्रंथाचे खिळे मुक्तिसदनातील स्त्रियांनीच जुळविले.