नाव तेच, वॅट वेगळे

असूसच्या झेफिरस जी१४ या गेमिंग लॅपटॉपची पहिली पिढी २०२० साली आली. चौदा इंची पडदा, सुमारे १.६ किलो वजन, आठ कोअरचा रायझन ९ प्रोसेसर आणि ७६ वॅट-तासांची बॅटरी एवढे एकाच यंत्रात मिळणे तेव्हा नवलाचे होते. वेबकॅम मात्र नव्हता. २०२१ मध्ये आतल्या चिप बदलल्या, सांगाडा तोच राहिला.

मोठा बदल २०२२ चा. पडदा १६:९ चा १६:१० झाला, वेबकॅम आला आणि मक्स स्विच मिळाला. या स्विचमुळे ग्राफिक्स चिपने तयार केलेले चित्र प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सचा वळसा न घेता थेट पडद्यावर जाते. त्या वर्षी प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोन्ही एएमडीचे होते. २०२३ मध्ये एनव्हिडियाच्या चिप परतल्या, त्याही थेट आरटीएक्स ४०९० पर्यंत.

पिढ्यांची तुलना करताना सर्वात जास्त फसगत होते ती पुढच्या टप्प्यावर. आरटीएक्स ४०७० ही चिप २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांच्या जी१४ मध्ये मिळते. नाव तेच, ८ जीबी ग्राफिक्स मेमरीही तीच. पण २०२३ मध्ये तिला कमाल १२५ वॅट मिळतात आणि २०२४ मध्ये ९०. नव्या पिढीचे अ‍ॅल्युमिनियमचे अंग बारीक आहे, वजन दीड किलोवर आले आहे. तेवढ्या जागेतून जेवढी उष्णता बाहेर काढता येते, तेवढीच वीज चिपला देता येते. वॅट २८ टक्क्यांनी घटले म्हणून फ्रेम तेवढ्या घटत नाहीत. क्लॉक वाढवायला व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे वरच्या टप्प्यातली वीज कमी कामाची आणि जास्त उष्णतेची असते. तरीही जड गेममध्ये जुनी पिढी नवीच्या पुढे राहू शकते, आणि हे पेटीवरच्या नावावरून कळत नाही.

दुरुस्ती करणाऱ्यांसाठी त्याहून महत्त्वाची गोष्ट रॅमची. २०२३ पर्यंत काही रॅम बोर्डवर सोल्डर केलेली आणि बाकीसाठी एक स्लॉट, अशी रचना होती. २०२४ मध्ये एलपीडीडीआर५एक्स आली आणि स्लॉट गेला. या मेमरीने वीज वाचते, वेगही मिळतो. पण विकत घेतली तेवढीच रॅम शेवटपर्यंत. एखादी मेमरी चिप बिघडली तर चिप-लेव्हल काम किंवा अख्खा बोर्ड बदलणे, एवढेच मार्ग उरतात. एसएसडी अजून बदलता येते, हे त्यातल्या त्यात बरे. बॅटरी ७६ वरून ७३ वॅट-तासांवर आली. हा फरक किरकोळ आहे.

२०२४ च्या पिढीचा २८८० बाय १८०० चा ओलेड पडदा आधीच्यांपेक्षा उघडपणे सरस आहे. रोज पाठीवर यंत्र वाहणाऱ्याने, रंगांचे काम करणाऱ्याने तीच घ्यावी. टेबलावर चार्जर लावून खेळणाऱ्याला आणि पाच-सहा वर्षे यंत्र वापरणाऱ्याला २०२३ ची पिढी जास्त उपयोगी. हा फरक गिऱ्हाइकाला विक्रीच्या वेळीच कळायला हवा. म्हणून विक्रेत्यांनी कोटेशनवर चिपच्या नावाशेजारी तिचे कमाल वॅट आणि रॅम वाढवता येते की नाही, या दोन गोष्टी लिहायला या महिन्यापासूनच सुरुवात करावी.