बैलाचं मनगट

पोळ्याच्या आठवड्यात बैलावर लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. एक दिवस पुरणपोळी भरवायची आणि दुसऱ्या दिवशी बाजाराचा भाव विचारायचा, या आपल्या वार्षिक ढोंगावर याच जागेत लिहून झालं आहे आणि त्याबद्दल वाशीमभर बोलणीही खाऊन झाली आहेत. पण शेजारची दहावीतली मुलगी एका शिकवणी वर्गाच्या झेरॉक्स नोट्स घेऊन आली आणि माझा नाइलाज झाला.

नोट्समध्ये उत्क्रांतीच्या पुराव्यांची एक चौकट आहे. तिच्या डोक्यावर ‘आयएमपी’ असा शिक्का. आत लिहिलं आहे की, समजात अवयव म्हणजे समान पूर्वजाकडून आलेले अवयव. उदाहरणार्थ माणसाचा हात, बैलाचा पाय, वटवाघळाचा चर्मपर आणि देवमाशाचा पर. त्याखाली प्रश्न : यावरून काय सिद्ध होते? उत्तर : या प्राण्यांचा पूर्वज समान होता हे सिद्ध होते. म्हणजे पूर्वज एक म्हणून अवयव समजात, आणि अवयव समजात म्हणून पूर्वज एक. घाण्याचा बैल दिवसभर चालून जिथल्या तिथं असतो, तसं हे उत्तर. फरक इतकाच की घाण्यातून निदान तेल तरी निघतं.

आणि चौकटीशेजारच्या आकृतीत बैलाच्या पुढच्या पायाच्या मधल्या सांध्याला बाण काढून लिहिलंय, ‘गुडघा’.

शेतकरी त्याला गुडघा म्हणतो, त्याला माझी हरकत नाही. त्याला बैल हाकायचा असतो, परीक्षा द्यायची नसते. पण शिकवणीवाल्यानं फी घेतलेली आहे. वाचकांनी एक करावं. हात टेबलावर ठेवावा आणि तळवा उचलून फक्त मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट यांची टोकं टेकवावीत, नखं जवळजवळ टेबलाला लागतील इतकी ताठ. बाकीची बोटं अधांतरी. हा झाला बैलाचा पुढचा पाय. टेकलेली दोन नखं म्हणजे दुभंगलेलं खूर. टेबलापासून वर, तळव्याच्या मुळाशी जो सांधा दुमडतो आहे, तो बैलाचा तथाकथित गुडघा. म्हणजे मनगट. बैलाचं कोपर आणखी वर, छातीला चिकटून असतं. दंडाचं हाड अंगाच्या कातड्यातच दडलेलं. आणि त्याच्या वर फऱ्याचं रुंद, चपटं हाड, आपल्या पाठीवरच्या खांद्याच्या पात्यासारखंच. खांदेमळणीला हळद-लोणी लावताना हात जरा खाली सरकवला तर बोटांना लागतं.

मनगट आणि खूर यांच्यामधली लांब नळी हा आपला तळवा. आपल्या तळव्यात पाच हाडं आहेत; बैलात त्यांतली तिसरी आणि चौथी जुळून एकच नळी झाली आहे. नळीचं हाड साफ करून पाहिलं तर पुढच्या अंगाला उभी खाच दिसते, तो त्या जोडाचा माग. खुराच्या मागं जी दोन खुंटासारखी बारकी खुरं लोंबतात आणि जमिनीला टेकत नाहीत, ती दुसऱ्या आणि पाचव्या बोटाची शिल्लक. अंगठा गेला. मागच्या पायाचंही तेच. मधला सांधा मागं टोक काढून असतो, कारण ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला. बैल आयुष्यभर बोटांच्या टोकांवर उभा असतो आणि आपण त्याला मंद म्हणतो.

आमच्या भागात बैलाला पत्री मारणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरले असतील, पण हे ज्ञान त्यांच्या हातात होतं. घोड्याच्या पायाला एक नाल, बैलाच्या पायाला दोन पत्र्या. का? घोडा एकाच बोटावर उभा आहे, मधल्या, बैल दोनांवर. घोड्याच्या नळीच्या दोन्ही बाजूंना काडीसारखी दोन हाडं चिकटलेली असतात, ती त्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या बोटाची. नाल ठोकणाऱ्याला समजात हा शब्द माहीत नव्हता, शिकवणीवाल्याला शब्द माहीत आहे आणि बोटं मोजता येत नाहीत. दोघांत दहावीचा वर्ग कुणाच्या हवाली करायचा, हे मला विचारू नका.

आता मुद्द्याचं. हे मनगट आहे, गुडघा नाही, हे ठरवलं कशावरून? दिसण्यावरून नव्हे, दिसतो तो गुडघाच. कामावरून नव्हे, मनगटानं आपण लिहितो, बैल त्यावर भार पेलतो. ठरवलं ते जागेवरून आणि जोडणीवरून : खांद्यापासून एक हाड, मग दोन, मग बारक्या हाडांचा पुंजका, मग तळवा, मग बोटं. हा क्रम मोडत नाही. हाड लांब होईल, आखूड होईल, शेजाऱ्याला चिकटेल, नाहीसं होईल, पण रांग सोडून दुसरीकडे जात नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या जोफ्रवा सेंतिलेरनं हाच जोडणीचा नियम मांडला आणि त्यावरून 1830 मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीत त्याची क्युव्हिए या प्राणिशास्त्रज्ञाशी जाहीर जुंपली. क्युव्हिएचं म्हणणं, अवयव ओळखायचा तो कामावरून. त्याच्याही दोनशे पंचाहत्तर वर्षं आधी, 1555 मध्ये, पिएर बेलों नावाच्या फ्रेंच माणसानं पक्ष्याचा आणि माणसाचा सांगाडा शेजारी-शेजारी छापून हाडाला हाड जुळवून दाखवलं होतं.

पण ही भानगड नीट निस्तरली ती लंडनच्या रिचर्ड ओवेननं. डायनोसॉरांना ते नाव देणारा हाच. त्यानं 1843 मध्ये दोन गोष्टी वेगळ्या केल्या. आकार आणि काम कितीही बदलो, जो अवयव मुळात तोच आहे, तो समजात. आणि नुसतं काम सारखं असेल तर ते साम्य वेगळ्या खात्यात. वटवाघळाचा आणि फुलपाखराचा पंख दोन्ही उडवतात, पण एकात बोटांची हाडं आहेत, दुसऱ्यात हाडच नाही. झाडांतही हेच. श्रावणात आपण बटाटा आणि रताळं एकाच ताटात घेतो. बटाट्याला डोळे असतात, कारण ते खोड आहे, रताळं हे मूळ आहे. उपवासाला दोन्ही चालतात म्हणून ते एकमेकांचे कुणी लागत नाहीत.

ओवेनच्या या व्याख्येत पूर्वज कुठंही नाही. आमच्या नोट्सवाल्यांना नेमकं हेच ठाऊक नाही, आणि सगळी गंमत तर इथंच आहे. ओवेनच्या मते हे साम्य म्हणजे एका आदर्श आराखड्याची निरनिराळी रूपं. खरोखरचा आजा-पणजा त्याला अभिप्रेत नव्हता. 1859 मध्ये डार्विनचा ग्रंथ आला, तेव्हा पुढच्याच वर्षी ओवेननं निनावी परीक्षण लिहून त्यावर तोंडसुख घेतलं. तर डार्विननं काय केलं? ओवेनसारख्यांनी मांडून ठेवलेला हाडांचा हिशेब तसाच उचलला. माणसाचा पकडणारा हात, चिचुंद्रीसारख्या बिळं खणणाऱ्या मोलचा पंजा, घोड्याचा पाय, वटवाघळाचा पंख, सगळे एकाच नमुन्यावर का, असा प्रश्न केला. आराखडा म्हणून सोडून दिलं तर प्रश्न तिथंच संपतो. वारसा म्हटलं की उत्तर मिळतं.

म्हणजे साम्य आधी ठरलं, तेही ज्याला उत्क्रांतीचा तो सिद्धान्त मान्य नव्हता अशा माणसाकडून. पूर्वज नंतर आला, त्या साम्याचा खुलासा म्हणून. विरोधकाच्या तोंडून आलेली साक्ष ही सगळ्यांत भक्कम साक्ष असते, हे वाशीमच्या कोर्टातला नवा वकीलही सांगेल. आणि आम्ही मुलांना व्याख्येतच पूर्वज घुसडून ती साक्ष रद्द करवून घेतो! मग कुणी मंत्री उठून डार्विन चुकला म्हणतो, जसे 2018 मध्ये एक केंद्रीय राज्यमंत्री म्हणालेच, तेव्हा त्याला उत्तर द्यायला आमच्या पोरांकडे काय असतं? पाठ केलेली चौकट.

गंमत म्हणजे आपलं राज्य मंडळाचं दहावीचं पुस्तक इथं बरोबर आहे. ते आधी हाडांच्या रचनेतलं आणि जोडणीतलं साम्य सांगतं आणि मग पूर्वज समान असावेत, असा निष्कर्ष काढतं. क्रम ओवेनचा, मग डार्विनचा. नोट्सवाल्यांनी सोपं करतो म्हणून तो उलटा केला. पुस्तकं बदला म्हणून गळा काढणाऱ्यांना मी नेहमी सांगत आलो आहे : आधी असलेलं उघडा. दिल्लीच्या अभ्यासक्रमावर जाणाऱ्यांचं तर आणखी सोपं झालं आहे. एनसीईआरटीनं दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीच काढून टाकली. 2023 मध्ये देशभरातल्या अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून निषेध केला, तरी ती बारावीच्या जीवशास्त्रातच राहिली. म्हणजे कॉमर्सला जाणाऱ्याची तिच्याशी गाठच नाही. दहापट फी भरून पोराला घोड्याचं बोट न दाखवणारी शाळा मिळते, याला प्रगती म्हणतात.

नोट्सच्या चौकटीतल्या त्या चार उदाहरणांत आणखी एक गोष्ट लपलेली आहे. बैल आणि देवमासा ही त्यातली सगळ्यांत परकी वाटणारी जोडी; पण चौघांत सगळ्यांत जवळचे ते दोघंच. बैलासारख्या समखुरी जनावरांच्या मागच्या पायात घोट्याचं एक हाड असतं, दोन्ही टोकांना कप्पीसारखी खोबण असलेलं. देवमाशाच्या पाय असलेल्या प्राचीन पूर्वजांचे घोटे पाकिस्तानात सापडले आणि 2001 मध्ये प्रसिद्ध झाले : दोन्ही टोकांना तीच कप्पी. पुढं 2007 मध्ये इंडोह्यस नावाच्या, मांजराएवढ्या समखुरी प्राण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 4.8 कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी आपल्या देशातला. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचे ते दगड भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा करून ठेवले होते. इंडोह्यसच्या कानाचं जाड हाड देवमाशांच्या वळणाचं निघालं. बैलाला घोड्यापेक्षा देवमासा जवळचा, हे आता हाडं आणि जनुकं दोन्ही सांगतात. जोत्याला जुंपलेल्याचा भाऊबंद समुद्रात!

जाता जाता कॉलेजवाल्यांसाठी. दोन प्रथिनं ‘सत्तर टक्के समजात’ आहेत, असं प्राध्यापकही लिहितात. साम्य टक्क्यांत मोजा, खुशाल. समजात असणं म्हणजे वारसा एक असणं. तो असतो किंवा नसतो. याबद्दल 1987 मध्येच शास्त्रज्ञांनी ‘सेल’ नियतकालिकात पत्र लिहून कान उपटले होते. आमच्याकडे ते पत्र अजून पोचायचं आहे, टपालखात्याला दोष देऊ नका.

विज्ञानाच्या शिक्षकांना एवढीच विनंती. बैलांच्या शिंगांचा रंग उतरायच्या आत एक तास वर्गाबाहेर घ्या. जिल्ह्यात अजून अशी शाळा क्वचितच असेल जिच्यापासून हाकेच्या अंतरावर गोठा नाही. मुलांना पायाचा सांधा न सांधा दाखवा, आपल्या हाताशी जुळवू द्या आणि क्रम त्यांच्या त्यांना सापडू द्या. पूर्वजाचं नाव तोवर काढू नका. आणि घटक चाचणीत पुढच्या पायाला ‘गुडघा’ लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापा. शिकवणीच्या नोट्स दाखवल्या तर पूर्ण.