भीतीला पाप ठरविणाऱ्यांस

आपल्या धर्मग्रामांत एक वाक्य फार स्वस्त झाले आहे: ‘देवावर श्रद्धा ठेवा, घाबरू नका!’ मुलगा आखातात निघाला, पती निवर्तला, कारखान्याला टाळे लागले, वाडी विकून इमारतीत राहावयास जाण्याची वेळ आली, की भेटीस आलेला प्रत्येक जण एवढे बोलून चहाचा कप खाली ठेवतो आणि निघतो. या वाक्याविरुद्ध आमची तक्रार आहे. ती प्रथम आमच्याविरुद्धच आहे, कारण वेदीवरून ते सर्वांत अधिक वेळा आम्हीच उच्चारले आहे.

वाक्य खोटे नाही. खोटा आहे तो त्यात दडलेला आरोप, की जो भितो त्याची श्रद्धा उणी. काही वर्षांपूर्वी निवृत्तीला महिना उरलेले एक गृहस्थ आमच्याकडे आले. निमित्त बाप्तिस्म्याच्या दाखल्याचे. जाता जाता म्हणाले, ‘‘फादर, एक तारखेपासून सकाळी उठून जायचे कुठे, या विचाराने रात्री झोप येत नाही.’’ आम्ही दाखल्यावर शिक्का मारला, श्रद्धा ठेवावयास सांगितले आणि पुढच्या माणसाला आत बोलावले. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मिस्सेला मात्र येत राहिले, शेवटच्या बाकावर.

ज्या पवित्र शास्त्राच्या नावाने आपण हे करतो, ते काय सांगते? अब्राहामाने हारान सोडले तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. हे आम्ही प्रवचनात रंगवून सांगतो. परंतु उत्पत्तीच्या त्याच बाराव्या अध्यायात, दुष्काळामुळे मिसरात उतरताना, हा श्रद्धेचा पिता जिवाच्या भयाने आपल्या पत्नीला बहीण म्हणवून घेतो. हा भाग आम्ही सहसा गाळतो. देवाने मात्र अब्राहामाला गाळले नाही. ईजबेलच्या धमकीने पळालेला एलिया रानात झुडपाखाली मरण मागत निजला, तेव्हा देवदूताने त्याला बोध केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खावयास उठवले; कारण वाट लांबची होती. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते. दर शुक्रवारी रात्री झोपण्यापूर्वी आम्ही धर्मगुरू ते म्हणतो आणि रविवारी लोकांना सांगतो, घाबरणे बरे नव्हे!

कोणी म्हणेल, ‘भिऊ नका’ असे प्रभूनेच सांगितले नाही काय? सांगितले. पण कोठून, तेही पाहावे. वादळात तो त्यांच्याच होडीत होता. मार्क सांगतो की, त्याने आधी वारा शमवला आणि मग भित्रेपणाबद्दल विचारले. याईराला धीर दिला तो त्याच्या घराच्या वाटेवर, त्याच्यासोबत चालताना. किनाऱ्यावर उभे राहून बुडणाऱ्याला विश्वासाचे धडे देणे ही आपली भर आहे. नऊ दिवसांच्या नोव्हेनाने भीती हमखास पळते असे सांगणारेही त्याच किनाऱ्यावरचे.

आणि गेथशेमाने? तेथे प्रभू स्वतः व्याकूळ झाला. प्याला टळावा म्हणून त्याने तीनदा तीच प्रार्थना केली. भीती बापापाशी बोलून दाखवली आणि मग उठून पुढे गेला. याहून निराळा भरवसा आम्हांला ठाऊक नाही. त्या रात्री त्याने तिघांजवळ उपदेश मागितला नव्हता. जागे राहा, एवढेच मागितले होते. ते झोपले. पती गेलेल्या बहिणीच्या घरी महिन्याच्या मिस्सेनंतर आपल्यापैकी कितीजण जातात? बँकेचे कागद तिला कोण समजावून देतो? मुलगा परदेशी गेलेल्या म्हाताऱ्यांच्या ओटीवर संध्याकाळी कोण बसतो? श्रद्धा ठेवा असे सांगून आपणही झोपतोच की!

ते निवृत्त गृहस्थ अजून शेवटच्या बाकावर बसतात. येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही त्यांच्यापाशी जाऊन बसणार आहोत. काय बोलावे हे अद्याप सुचलेले नाही.