गरिबाचा वाटा

गरिबाला मदत करावी की नाही, याविषयी ख्रिस्ती माणसांत दुमत संभवत नाही. दुमत आहे ते मदत कोणी व कशी करावी याविषयी. अमेरिकेत उदारमतवादी आणि परंपरावादी ख्रिस्तीजन याच प्रश्नावर परस्परांपासून दुरावले आहेत. आणि मिस्साहून परतताना कंग्राळीच्या वाटेवरही तोच वाद आमच्या कानी पडतो.

कर्नाटक सरकारने जून २०२३ मध्ये स्त्रियांना सरकारी बसचा प्रवास मोफत केला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गृहलक्ष्मी योजनेतून कुटुंबप्रमुख स्त्रीला दरमहा २,००० रुपये देण्यास आरंभ केला. एक बंधू म्हणतात, “फुकटाने माणूस आळशी होतो. दानधर्म हे ख्रिस्तसभेचे काम, सरकारचे नव्हे.” दुसरे म्हणतात, “हा हक्क आहे, भीक नव्हे. आता चर्चमधील गरिबांच्या पेटीचे काय प्रयोजन?”

सीमेपलीकडे महाराष्ट्रातही २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेतून दरमहा १,५०० रुपये देणे सुरू झाले. या योजना आणणारी दोन सरकारे परस्परविरोधी पक्षांची होती. तेव्हा जो एकीला न्याय आणि दुसरीला लाच म्हणतो, तो गरिबाकडे नव्हे, झेंड्याकडे पाहून बोलतो.

ख्रिस्तसभेची शिकवण काय? परमगुरुस्वामी पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात समाजवाद नाकारला, खासगी मालमत्तेचा हक्क राखला. आणि मजुराला निर्वाहापुरते वेतन देणे हा न्याय आहे, दुर्बळांची विशेष काळजी वाहणे हे राज्यकर्त्यांचे कर्तव्य आहे, असेही बजावले. लहान समुदायाला जे साधते ते मोठ्याने हिरावून घेऊ नये, असे १९३१ मध्ये पोप अकरावे पायस यांनी सांगितले. ४ ऑक्टोबर २०२५ च्या ‘दिलेक्सी ते’ या पत्रात पोप चौदावे लिओ यांनी अन्यायाच्या मुळांवर घाव घालण्याचा आग्रह धरला, पण भिक्षादानाचे महत्त्व कमी केले नाही. म्हणजे दोन्ही बंधूंच्या हाती अर्धी अर्धी भाकरी आहे.

संत पौल स्वतः तंबू शिवून पोट भरीत असे. जो काम करू इच्छित नाही त्याची त्याने कानउघाडणी केली. ज्याला काम मिळत नाही त्याची नव्हे. आणि लाजरसाच्या दाखल्यातील श्रीमंत मनुष्य दोषी ठरला तो दारातल्या भुकेल्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे.

म्हणून आमचे दोघांनाही सांगणे आहे. जो दानधर्माची बाजू घेतो, त्याने आपली थैली उघडावी. जो न्यायाची बाजू घेतो, त्याने आपल्या शेतात राबणाऱ्या बाईची मजुरी आधी वेळेवर व पुरी द्यावी. सरकारचे २,००० रुपये आजारी विधवेच्या उशाशी बसत नाहीत. आणि आपल्या पेटीतून तालुक्याचा दवाखाना चालत नाही. गृहलक्ष्मीचा अर्ज जिला भरता आला नाही, अशी एखादी बहीण आपल्या गल्लीत असेल. तिचे कागद घेऊन तिच्याबरोबर कोण जाणार आणि त्या दिवसाचा तिचा खाडा कोण भरून देणार, एवढे या दोन बंधूंनी एकत्र बसून ठरवावे.