कौशल यादव कोणता खेळ खेळायचे?

माननीय अधिकारी महोदय,

कौशल यादव यांचा स्मृतिदिन, २५ जुलै, जवळ आला आहे. भिलाईच्या हुडको भागातल्या त्यांच्या स्मारकाला हार घातले जातील, भाषणं होतील. त्या एका दिवसाबद्दल माझी तक्रार नाही. उरलेल्या ३६४ दिवसांबद्दल आहे. त्याविषयीच्या अर्जांची आपल्या कार्यालयाने पोच दिली, उत्तर दिलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांदेखत लिहितो आहे.

छत्तीसगडमध्ये कनिष्ठ गटातल्या खेळाडूंना शहीद कौशल यादव यांच्या नावाने पुरस्कार मिळतो. निर्णय चांगलाच आहे. पण भिलाईत राहणाऱ्या, रोज मैदानावर घाम गाळणाऱ्या एका मुलीने मला विचारलं, "काका, कौशल यादव कोणता खेळ खेळायचे?" तिचा काय दोष? तिच्यापर्यंत नाव पोचलं, माणूस पोचला नाही. कौशल यादव सैनिक होते.

१४ जुलै १९९९ रोजी पंतप्रधान वाजपेयींनी कारगिल युद्धातलं 'ऑपरेशन विजय' यशस्वी झाल्याचं जाहीर केलं. देशाला वाटलं, संपलं युद्ध. द्रासकडची काही ठाणी मात्र अजून शत्रूच्या हातात होती. झुलू टॉप त्यांपैकीच. उंची सुमारे ५,२०० मीटर. आपलं भिलाई समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर. कडा जवळजवळ सरळ उभा, वाटेत सुरुंग पेरलेले. ९ पॅरा स्पेशल फोर्सेसचे नाईक कौशल यादव हल्ल्यातल्या एका पथकाचे प्रमुख होते. २५ जुलैला वरून गोळ्या येत असताना ते आपली माणसं घेऊन चढले, ठाण्यावर चालून गेले, शत्रूचे ५ सैनिक मारले आणि तिथेच धारातीर्थी पडले. पंतप्रधानांच्या घोषणेला तेव्हा ११ दिवस झाले होते, आणि आपण जो कारगिल विजय दिवस पाळतो तो अवघ्या एका दिवसावर होता. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं. आपलं छत्तीसगड राज्य तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

महोदय, ते नाईक होते म्हणून ही उपेक्षा का? कॅप्टन विक्रम बत्रा, कॅप्टन मनोजकुमार पांडे ही नावं शाळेतली पोरं घडाघडा सांगतात, आणि सांगायलाच हवीत. पण कारगिलमध्ये प्राण दिलेल्या ५२७ जणांत अधिकारी थोडे, जवानच कितीतरी जास्त. त्या कड्यावर गोळीने कुणाचा हुद्दा विचारला नाही. आठवण ठेवताना आपण का विचारतो?

मागणं फार मोठं नाही. वीरचक्राचं मानपत्र हिंदीत सोप्या भाषेत उतरवून दर २५ जुलैला भिलाईच्या प्रत्येक शाळेत वाचावं. त्यांच्या नावाच्या पुरस्काराबरोबर खेळाडूच्या हाती त्यांची हकिगतही पडावी. आणि सगळ्यांत निकडीचं म्हणजे त्यांच्यासोबत लढलेल्या, त्यांना ओळखणाऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. ती माणसं आता वयाच्या पन्नाशी-साठीत आहेत. हार दर वर्षी ताजे मिळतील, ही माणसं मिळणार नाहीत.

यातलं कोणतं काम अशक्य आहे, आणि का, ते लेखी कळवा. नुसती पोच नको.

भिलाईचा एक मराठी रहिवासी