प्लेटची किंमत विचारायची कुणी?

माळ्यावरचा डबा काढताना आमच्या गल्लीतल्या मावशी स्टुलावरून पडल्या. पडताना माणूस हात टेकवतंच, मनगट मोडलं. पाळी थांबल्यावर आपली हाडं ठिसूळ होत जातात, म्हणून हे दुखणं जास्त करून बायकांच्याच वाट्याला.

दवाखान्यात विचारलं, "प्लेट साधी टाकायची की टायटॅनियमची?" मुलगा ऊसतोडीला गेलेला. सून मला म्हणाली, "ताई, साधी म्हटलं तर लोक म्हणतील, सासूच्या हातासाठी पैसा बघितला." गळ्यातली पोत गहाण पडली. बिलावर नुसतं 'इम्प्लांट' आणि पुढे आकडा. कंपनीचं नाव नाही, छापील किंमत नाही.

मैत्रिणींनो, हृदयातल्या स्टेंटची कमाल किंमत सरकारनं फेब्रुवारी २०१७ मध्ये ठरवली, ऑगस्टमध्ये कृत्रिम गुडघ्याची. सरासरी दीड लाखाच्या पुढे छापील किंमत असलेला गुडघा कर सोडून ५४,७२० रुपयांवर आला. मनगटाच्या प्लेटला, स्क्रूला तशी मर्यादा घातली नाही. छापील किंमत वर्षाला दहा टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, एवढाच नियम. पण ती मुळातच फुगवून छापली असली तर? डॉक्टरांच्या फीबद्दल माझं म्हणणं नाही, ती द्यावीच.

आणि प्लेट दरवेळी लागतेच असंही नाही. हाड जागेवर असेल तर प्लास्टर पुरतं. सरकलेलं हाड बाहेरून बसवता आलं तर तारा घालूनही भागतं. ब्रिटनमध्ये अशाच ४६१ रुग्णांचा अभ्यास २०१४ साली छापून आला. तारवाले आणि प्लेटवाले, वर्षानंतर हात सारखेच चालत होते. सांध्याचाच चुरा झाला असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरच सांगतील. पण "तारेवर भागेल का?" एवढं विचारायला काय हरकत आहे? आपण भाजीला घासाघीस करतो आणि इथे मान डोलावतो.

घाई नसेल तर आधी अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात दाखवावं. महात्मा फुले योजनेत बसतं का, ते योजनेतल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारावं. हे मावशींना आधी सांगायला मीच कमी पडले.

प्लेटच्या पाकिटावर किमतीचं स्टिकर असतं. सुनेनं ते मागितलं तर "नंतर या" म्हणाले. सोमवारी ती परत जाणार आहे, मीही सोबत जातेय.